खजिना आणि त्याच्या किल्ल्या

वैद्यकशास्त्राचा इतिहास सांगताना जंतूंची, लशींची आणि त्यांच्या शोधकांची नावे आपण आदराने घेतो. ही शोधकार्ये ज्या पैशावर उभी राहिली तो पैसा कोणी दिला, कोणत्या अटींवर दिला आणि कोणत्या वर्षी हात आखडता घेतला, याची हकीकत मात्र बहुधा दप्तरातच पडून राहते. आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत कारकुनी करणारे. मंजुरीपत्र, हिशेबतपासणी, उपयोगिता प्रमाणपत्र हे आमचे नित्याचे शब्द. तेव्हा या उपेक्षित हकीकतीकडे आमचे लक्ष जावे हे स्वाभाविकच आहे. त्यातून आमचे वास्तव्य चंदिगढास. उत्तर भारतातील रुग्ण शेवटची आशा म्हणून जिच्याकडे धाव घेतात ती पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'पी. जी. आय.', याच नगरीत आहे. आणि या कथेचा आरंभ जिथे होतो ती प्रयोगशाळा मुंबईस परळला आहे. पंजाब व महाराष्ट्र यांचा संबंध नामदेवांच्या काळापासूनचा, हे आपण अभिमानाने सांगतो. वैद्यकीय संशोधनाच्या इतिहासातही या दोन प्रांतांची गाठ पडली आहे. आणि ती पहिली गाठ दुःखाची आहे.

इ. स. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा सरकारने वाल्डेमार हाफकीन या शास्त्रज्ञास पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. पंजाबात साथ पसरल्यावर तेथील सरकारची लशीची मागणी एवढी वाढली की, ती पुरी करण्यासाठी लस बनविण्याची जलद रीत स्वीकारावी लागली. जंतुनाशक कार्बॉलिक आम्ल मिसळण्याऐवजी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. अशातच ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांस लस टोचली गेली, आणि त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले.

चौकशी झाली. दोष परळच्या प्रयोगशाळेचा असे ठरले. हाफकीन यांस पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः मलकोवाल येथे बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून हाफकीन यांची बाजू मांडली आणि १९०७ साली त्यांच्यावरील ठपका दूर झाला. ते हिंदुस्थानात परत आले ते कलकत्त्यास. परळची खुर्ची त्यांस पुन्हा मिळाली नाही. त्या संस्थेस १९२५ साली हाफकीन यांचे नाव देण्यात आले. मलकोवाल आज पाकिस्तानात आहे.

या प्रसंगाचा अनुदानाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा की, सरकार आणि संशोधक यांच्यामधील विश्वास किती नाजूक असतो हे येथे प्रथम दिसले. एकोणीस माणसे गेली, तेव्हा नियम कडक व्हावेत हे रास्तच होते. पण दोषाचा निर्णय घाईने झाला आणि निरपराध ठरण्यास पाच वर्षे लागली. सरकारी नियम ही खजिन्याची किल्ली होय. ती बहुधा एखाद्या खऱ्या अपघातानंतर वा अपहारानंतर घडविली जाते. पुढे अपघाताचे विस्मरण होते आणि किल्ली तेवढी जुडग्यात राहते. हेच सूत्र पुढील सव्वाशे वर्षांच्या हकीकतीत आम्हांस पुनःपुन्हा आढळले.

मलकोवालनंतर नऊ वर्षांनी, १५ नोव्हेंबर १९११ रोजी, परळच्या त्याच प्लेग प्रयोगशाळेत एका नव्या संस्थेच्या नियामक मंडळाची पहिली सभा भरली. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉयच्या मंडळातील शिक्षणखात्याचे सभासद सर हार्कोर्ट बटलर होते. संस्थेचे नाव 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' आणि सरकारने तिला दिलेले अनुदान ५ लाख रुपयांचे. या नावातील 'फंड' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. खात्याला दिलेला पैसा वर्ष सरताच सरकारजमा होतो. फंडाला दिलेला पैसा फंडातच राहतो आणि उरेल तो पुढच्या वर्षाच्या उपयोगी पडतो. या पैशातून रोगनिहाय 'इन्क्वायरी' म्हणजे चौकश्या मंजूर होऊ लागल्या: हिवताप, काळा आजार, बेरीबेरी, देशी औषधी. १९१३ साली संस्थेचे नियतकालिक निघाले. १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी आरंभिलेली बेरीबेरीची चौकशी पुढे वाढत जाऊन आज हैदराबादेत असलेली राष्ट्रीय पोषण संस्था झाली. एका खोलीतील चौकशीची संस्था होण्यास कित्येक वर्षे लागतात. तेवढी वर्षे कोणीतरी दर वर्षी पैसे पाठवीत राहावे लागते.

ते पाठविणे थांबू शकते, याचाही अनुभव लवकरच आला. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थान सरकारची तिजोरी तुटीत आली. खर्चात काटछाट सुचविण्यासाठी लॉर्ड इंचकेप यांची समिती नेमली गेली आणि १९२३ साली तिचा अहवाल आला. तिच्या कात्रीतून संशोधन फंडाचे अनुदानही सुटले नाही. संस्था तगली ती गाठीशी राखलेल्या शिलकेवर. येथे एक विचित्र न्याय दिसतो. जिने काटकसर केली तिची शिल्लक पाहून, हिला आता पैशाची गरज नाही, असे म्हणणे हिशेबनिसास सोपे जाते. या न्यायाची धास्ती घेऊन सरकारी संस्था मार्च महिन्यात घाईघाईने पैसे संपवितात, हे आमच्यासारख्या टेबलाशी बसणाऱ्या माणसास निराळे सांगावयास नको.

पुढे १९२८ साली सर वॉल्टर फ्लेचर यांच्या समितीने देशातील वैद्यकीय संशोधनाच्या संघटनेचा विचार केला. त्यानंतर १९४३ साली नेमलेल्या आणि १९४६ साली अहवाल देणाऱ्या भोर समितीने वैद्यकीय महाविद्यालयांतून संशोधन जवळजवळ होतच नाही याकडे लक्ष वेधले. मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली होती. १९३२ साली हाफकीन संस्थेच्या संचालकपदी प्रथमच एक भारतीय आले: साहिब सिंग सोखी. हे पंजाबचे. ज्या संस्थेच्या लशीवर पंजाबातील एकोणीस मृत्यूंचा ठपका आला होता, ती संस्था पुढे सतरा वर्षे एका पंजाबी माणसाने नावारूपास आणली. आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ साली रिसर्च फंड असोसिएशनचे नाव बदलून 'भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद' असे झाले, तेव्हा दिल्लीस तिची सूत्रे एका मराठी माणसाच्या हाती होती. डॉ. चिंतामण गोविंद पंडित हे मद्रासजवळच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले जंतुशास्त्रज्ञ. १९६४ पर्यंत ते परिषदेचे प्रमुख होते. महाराष्ट्राबाहेर राहून ज्यांनी देशकार्य केले, अशा मराठी माणसांच्या यादीत त्यांचे नाव अग्रभागी असावयास हवे. ते क्वचितच असते, याचे आम्हांस वाईट वाटते.

या काळातील नियम साधे होते. प्राध्यापकाने प्रश्न मांडावा, तज्ज्ञांच्या सल्लागार मंडळाने तो पारखावा, परिषदेने रक्कम द्यावी आणि वर्षाअखेर अहवाल व हिशेब घ्यावा. मुंबईस डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी मुंबईतच डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अपूर्व रक्तगट शोधून काढला; जगातील रक्तपेढ्या आज त्याला 'बॉम्बे' या नावाने ओळखतात. १९५७ साली परिषदेने मुंबईत रक्तगटांचे संदर्भ केंद्र काढले आणि त्याचीच पुढे राष्ट्रीय संस्था झाली. प्रथम शोध, मग केंद्र, मग संस्था, हा क्रम ध्यानी घेण्यासारखा आहे. आधी संस्थेची इमारत आणि मग तिच्यासाठी प्रश्न शोधणे, हा उलटा क्रम त्या वेळी अद्याप रूढ झाला नव्हता.

चंदिगढची कथा थोडी निराळी. येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्था १९६२ साली पंजाब सरकारने स्थापिली. पुढच्या वर्षी ७ जुलै रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पण १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली, हरियाणा वेगळा निघाला, चंदिगढ केंद्रशासित झाले, आणि ही संस्था कोणाच्या पदरात टाकावी असा प्रश्न उभा राहिला. संसदेने त्याच वर्षी कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले आणि १ एप्रिल १९६७ पासून ती केंद्राच्या अनुदानावर चालू लागली. तारीख पाहावी: सरकारी वर्षाचा पहिला दिवस. दोन राज्यांच्या भांडणात एखाद्या रुग्णालयाचे वाटे पडावयाचे, ते या एका कायद्याने टळले. नियम हा नेहमी अडथळाच असतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. कायद्याने शाश्वती दिली म्हणून येथे विद्या रुजली.

त्याच सुमारास देशात परकीय पैशाचाही ओघ होता. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले ते परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली व माणसे तापाने आजारी पडू लागली, तेव्हा त्या नव्या रोगाचा विषाणू याच केंद्राने शोधला. १९६७ साली फाउंडेशनने आपले साहाय्य काढून घेतले. केंद्र तेव्हाच बंद पडले असते तर नवल नव्हते. परिषदेने सारा भार स्वतःकडे घेतला, १९७८ साली त्याची राष्ट्रीय विषाणू संस्था झाली, आणि २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाचा विषाणू देशात प्रथम वेगळा करण्यात आला तो याच संस्थेत. मधल्या त्रेपन्न वर्षांत कितीतरी अर्थसंकल्प असे गेले असतील की, या खर्चातून देशाला काय मिळते, असा प्रश्न कोणी केला असता तर त्याचे झटपट उत्तर देता आले नसते.

परकीय पैशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेच्या १९५४ च्या 'पी. एल. ४८०' कायद्यान्वये आपण गहू घेतला व त्याची किंमत रुपयांत भरली. हे रुपये अमेरिकेच्या नावे येथेच साठले आणि त्यांतला काही भाग भारतीय संस्थांतील संशोधनास मिळू लागला. पंजाबात लुधियानाजवळ नारंगवाल येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आपली परिषद यांनी मिळून ग्रामीण आरोग्याचा मोठा प्रयोग केला. थोडेसे शिक्षण दिलेल्या खेड्यातील स्त्रिया लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखून औषध देऊ शकतात आणि मुलांचे मृत्यू त्यामुळे घटतात, हे तेथे दिसून आले. तथापि परकीय हेतूंविषयीच्या संशयाच्या वातावरणात १९७४ साली तो प्रयोग थांबला. पुढच्याच वर्षी डासांच्या जननिक नियंत्रणाचा प्रकल्पही बंद करण्यात आला. तो जागतिक आरोग्य संघटना व परिषद यांचा असून पैसा त्याच गव्हाच्या रुपयांतून येत होता. या प्रकल्पाचा जैविक युद्धाशी संबंध असावा असा आरोप वृत्तपत्रांतून झाला होता आणि संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले होते. आज परकीय सहकार्याचे वैद्यकीय संशोधन आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीपुढून जाते. परकीयांनी आपल्या भूमीवर काय चालविले आहे हे विचारण्याचा स्वतंत्र राष्ट्रास हक्क आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण संशय सर्वच दारांना सारखे कुलूप लावू लागला म्हणजे नारंगवालसारखे निरुपद्रवी काम आणि खरोखर संशयास्पद काम यांतला भेद उरत नाही.

हा अनुभव आपलाच आहे असे नाही. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था ही वैद्यकीय संशोधनास पैसा पुरविणारी जगातील सर्वांत मोठी सार्वजनिक संस्था. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचे अनुदान झपाट्याने वाढले. १९६१ व १९६२ साली प्रतिनिधी फाउंटन यांच्या उपसमितीने विद्यापीठांकडून हिशेब नीट घेतला जात नाही असा ठपका ठेवला आणि नियम आवळले गेले. तेथे अनुदानाचे दोन भाग असतात: प्रयोगाचा प्रत्यक्ष खर्च, आणि इमारत, वीज, हिशेबनीस यांचा अप्रत्यक्ष खर्च. २०२५ च्या फेब्रुवारीत तेथील सरकारने हा दुसरा भाग सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याचा हुकूम काढला. न्यायालयांनी तो रोखला. त्याच वर्षीच्या मेपासून अमेरिकन विद्यापीठांमार्फत परदेशी भागीदारांस पोटअनुदान देण्याची जुनी रीत थांबविण्यात आली. आपल्याकडे २०२० साली परकीय देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन एका संस्थेने दुसरीस परकीय पैसा देण्यास बंदी झालीच होती, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली होती. दोन्ही देशांनी परस्परांच्या बाजूचे दार आपापल्या कारणांनी ओढून घेतले; त्यात अडकला तो मधल्या ओसरीत उभा असलेला संशोधक.

आता आमच्या टेबलावरील किल्ल्यांविषयी. सरकारी पैशाच्या नियमांचे एकत्रित पुस्तक, सामान्य वित्तीय नियम, प्रथम १९४७ साली निघाले. पुढे १९६३, २००५ आणि २०१७ साली ते नव्याने लिहिले गेले. अनुदान ज्या कामासाठी दिले त्याच कामी लागले, असे प्रमाणपत्र वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत देणे त्यात बंधनकारक आहे, आणि अनुदानावरील व्याज सरकारजमा करणेही. ही दोन्ही कलमे न्याय्य आहेत. जनतेचा पैसा बँकेत ठेवून त्यावर व्याज खाणाऱ्या संस्था होत्या, म्हणूनच ती आली. २०२२ पासून केंद्रीय योजनांचा पैसा संस्थेच्या खात्यात आगाऊ न टाकता मध्यवर्ती खात्यातून लागेल तसा देण्याची रीत सुरू झाली. पडून राहणाऱ्या पैशाचा बंदोबस्त झाला खरा. परंतु संक्रमणाच्या काळात संशोधक छात्रांची विद्यावेतने महिनोन् महिने रखडल्याच्या तक्रारी देशभरातून वृत्तपत्रांत आल्या. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा तरुण, घरभाडे भरण्यास असमर्थ, आणि त्याच्या हाती क्षयरोगाच्या जंतूंचे काम. या चित्राची नोंद कोणत्याही हिशेबाच्या रकान्यात होत नाही.

खरेदीच्या नियमांचेही तसेच. सरकारी ई-बाजारातूनच माल घ्यावा हा नियम दलाली रोखण्यासाठी योग्य होता. देशी उद्योगास उत्तेजन म्हणून २०० कोटी रुपयांपर्यंत जागतिक निविदा काढू नयेत हा २०२० चा नियमही सद्धेतूने आला. पण खुर्च्या आणि प्रतिपिंडे एकाच रीतीने विकत घेता येत नाहीत. एखादे रसायन जगात एकच कारखाना बनवीत असेल, तर तीन दरपत्रके कोठून आणावयाची? अखेर जून २०२५ मध्ये सरकारने वैज्ञानिक संस्थांस सवलत दिली. दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली, खरेदी समितीची १० लाखांवरून २५ लाखांवर. २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेस मान्यता देण्याचा अधिकार संस्थाप्रमुखास मिळाला. किल्ली परत घडविता येते, एवढे यावरून सिद्ध झाले. तसेच संशोधन अनुदानावरील वस्तू व सेवा कराचा वादही २०२४ साली सूट देऊन मिटविण्यात आला.

पैसा देणारी दारेही आता पुष्कळ झाली आहेत. १९७१ साली विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, १९८६ साली जैवतंत्रज्ञान विभाग, २००७ साली आरोग्य संशोधन विभाग. आणि २०२३ च्या कायद्याने जुने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ मोडून 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान'. या प्रतिष्ठानासाठी २०२३ ते २०२८ या पाच वर्षांचा संकल्प ५०,००० कोटी रुपयांचा आहे. त्यातील बहुतांश रक्कम सरकारेतर मार्गांनी, उद्योगपती व दात्यांकडून येईल अशी अपेक्षा आहे. आरोग्य संशोधन विभागाची २०२४-२५ ची तरतूद सुमारे ३,३०० कोटींची होती. १९११ च्या ५ लाखांपुढे हे आकडे डोळे दिपविणारे खरे. परंतु देशाचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच होता. शिवाय दात्याचे औदार्य कसे चंचल असते, हे रॉकफेलर फाउंडेशनच्या माघारीवरून आपण पाहिलेच आहे. दात्याने हात काढला की कोणीतरी भार उचलावा लागतो, आणि १९६७ साली पुण्यात तो उचलला तो सरकारी परिषदेने.

या सगळ्या हकीकतीतून आमचे मत असे झाले आहे की, संशोधनाच्या दृष्टीने अनुदानाच्या रकमेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व तिच्या शाश्वतीला आहे. १९११ च्या संस्थापकांनी फंड स्थापिला तो याच जाणिवेने. १९६६ च्या संसदेने चंदिगढच्या संस्थेस कायद्याचे छत्र दिले तेही याच जाणिवेने. हिशेब मागावा, कडकपणे मागावा. मलकोवालच्या एकोणीस जणांची ती आज्ञा आहे. मात्र हिशेब काम झाल्यावर मागावा. काम चालू असताना चूल विझवून मागू नये. प्रयोगशाळेतील पेशींना ३१ मार्च ही तारीख कळत नाही, आणि साथीलाही नाही. प्रत्येक नव्या नियमाबरोबर तो कोणत्या घटनेमुळे आला याची दोन ओळींची टीप जोडण्याची प्रथा पडली, तर पुढल्या पिढीच्या कारकुनास तो कोठे शिथिल करावा आणि कोठे मुळीच करू नये, हे कळेल. तोवर आमच्यासारख्यांच्या हाती एवढेच आहे: टेबलावर आलेला कागद त्याच दिवशी पुढे जाईल तर त्याच दिवशी पाठवावा. त्या कागदाच्या पलीकडे कोणाचे तरी विद्यावेतन असते, आणि त्याच्याही पलीकडे, पी. जी. आय.च्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून बसलेले कोणाचे तरी माणूस.